इन्स्पेक्टर रीबसचे वय

स्कॉटलंडच्या पार्लमेंटात काही वर्षांपूर्वी एका सभासद बाईंनी सरकारकडे अशी पृच्छा केली की, पोलीस अंमलदारांच्या निवृत्तीची वयोमर्यादा वाढविण्याचा विचार होऊ शकेल काय. आणि या पृच्छेमागे खात्यातील मनुष्यबळाची चिंता मुळीच नसून जॉन रीबस नावाचा एक इन्स्पेक्टर साठाव्या वर्षी घरी बसविला जाऊ नये, एवढीच कळकळ होती. हा जॉन रीबस कोणत्याही सरकारी पगारपत्रकावर कधी नव्हता. इयान रँकिन यांच्या कादंबऱ्यांबाहेर त्याला अस्तित्व नाही. पण १९८७ साली ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ या पुस्तकातून तो वाचकांपुढे आला तेव्हापासून २०२४ च्या ‘मिडनाइट अँड ब्लू’पर्यंत पंचवीस कादंबऱ्यांतून एडिंबरा शहराच्या गल्लीबोळांत त्याने जी पायपीट केली, तिच्यामुळे तो तेथील लोकांना आपल्याच आळीतल्या एखाद्या चिडखोर, एकलकोंड्या, पण अडल्या वेळी उपयोगी पडणाऱ्या शेजाऱ्यासारखा वाटू लागला आहे. त्याच्याविषयी वाचक जे बोलतात, ज्या तक्रारी करतात आणि ज्या हट्टाने परस्परांशी भांडतात, त्यांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे गुप्तहेरकथेचा वाचक त्या कथेकडून नेमके काय मागतो, या प्रश्नाचे उत्तर आपण धरून चालतो तितके सरळ नाही असे ध्यानात येते.

बहुतेक रहस्यकथामालिकांत काळ थबकलेला असतो. अगाथा ख्रिस्तीबाईंचा हर्क्यूल प्वारो १९२० साली प्रथम अवतरला तोच मुळी बेल्जियमच्या पोलीस दलातून निवृत्त झालेला होता, आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो मिशांना पीळ देत खुनी हुडकीत राहिला. हिशेब मांडला तर अखेरीस त्याचे वय शंभरीच्या पलीकडे जाते, परंतु तसा हिशेब कोणी मांडावयाचा नाही असा लेखिका आणि वाचक यांच्यात एक अलिखित करारच झालेला असतो. रँकिन यांनी हा करार पाळला नाही. रीबसचा जन्म १९४७ चा, आणि पुस्तकांमागून पुस्तके निघत गेली तसतसा तोही वाचकाच्या बरोबरीने, वर्षाला एक वर्ष या सरळ हिशेबाने, म्हातारा होत गेला. पहिले पुस्तक लिहिताना मालिकेचा विचार लेखकाच्या मनात नव्हता, त्यामुळे नायकाला एकदम चाळिशीच्या घरात नेऊन बसविताना पुढच्या पंचवीसतीस वर्षांचे कोष्टक त्यांनी मांडले नाही, आणि सहज हातून गेलेल्या या निर्णयाने पुढे त्यांना जितके सतावले तितकेच तारलेही. आरंभीची पुस्तके सरस की उत्तरार्धातली, रीबसने निवृत्त व्हावयास हवे होते की नव्हते, त्याची सहकारी शिव्हॉन क्लार्क हिच्या हाती मालिका सोपवावी की नाही, हे जे वाद वाचकांत वर्षानुवर्षे चालले आहेत, त्या सर्वांच्या मुळाशी मला हा चालता काळच दिसतो.

रँकिन यांचा जन्म १९६० चा, फाइफ परगण्यातील कार्डेनडेन या कोळशाच्या खाणींवर जगलेल्या गावातला. एडिंबरा विद्यापीठात म्युरिअल स्पार्क या कादंबरीकर्तीवर प्रबंध लिहिण्यासाठी ते दाखल झाले, आणि प्रबंध तसाच राहून कादंबरीच पुरी झाली. आपण स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइड यांच्या कथेला आधुनिक रूप देत आहोत, अशी त्यांची त्या वेळची समजूत होती. स्टीव्हन्सनने १८८६ साली प्रसिद्ध झालेली ती कथा लंडनमध्ये घडविली खरी. पण तिच्या पाठीशी उभा होता एडिंबराचाच डीकन ब्रोडी हा गृहस्थ, जो दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि नगरसभेचा मानकरी म्हणून वावरे, रात्री आपल्याच गिऱ्हाइकांची घरे फोडी, आणि १७८८ साली त्याच शहरात फासावर गेला. ही द्विधा वृत्ती पुन्हा तिच्या जन्मगावी आणावी, असा या तरुण विद्यार्थ्याचा मनसुबा होता. पुस्तक बाहेर आले, आणि पुस्तकविक्यांनी ते गुन्हेगारी कथांच्या फळीवर नेऊन ठेवले. स्टीव्हन्सनचे नाव कोणीही काढले नाही. तेव्हा दुसऱ्या पुस्तकाला ‘हाइड अँड सीक’ असे नाव देऊन त्यांनी हा संबंध डोळ्यांत भरेल असा केला, तरी समीक्षकांच्या लक्षात तो यावयास वेळ लागला तो लागलाच.

पहिल्या पुस्तकाविषयी वाचकांचे मत साधारणतः प्रतिकूल आहे आणि ते रास्त आहे. रीबसच्या लष्करी पूर्वायुष्याचे रहस्य, त्याच्या घरी निनावी पाकिटांतून येणाऱ्या गाठी मारलेल्या दोऱ्या आणि आगकाड्यांचे क्रूस, संमोहनविद्येचे प्रयोग करणारा त्याचा भाऊ, या सर्वांवर एका हुशार विद्यार्थ्याची छाया पडलेली आहे; पोलीस ठाण्याचे वातावरण तर जेमतेमच साधले आहे. ते साधावे म्हणून रँकिन लीथच्या पोलीस ठाण्यात चौकशीला गेले होते, आणि त्यांनी आपले कथानक, म्हणजे शहरात मुलींचे अपहरण होऊन त्यांचे खून पडत आहेत हे, तेथील अंमलदारांना भाबडेपणाने सांगितले. तशाच एका खऱ्या गुन्ह्याचा तपास त्या वेळी चालू असल्याने उलट त्यांचीच जबानी घेण्यात आली. या प्रसंगानंतर बरीच वर्षे पोलिसांच्या वाटेस जाण्याचे त्यांनी टाळले, आणि आरंभीच्या पुस्तकांत पोलिसी तपशील इतका विरळ का, याचे कारणही त्यातच सापडते.

‘ही मालिका प्रारंभापासून वाचू नका’ हा सल्ला, या मालिकेचे निस्सीम भक्तच नवख्या वाचकाला देतात, ही चमत्कारिक गोष्ट खरी आहे. त्यावर दुसरा पक्ष असा युक्तिवाद करतो की, ज्या मालिकेत माणूस म्हातारा होत जातो ती मधूनच उघडणे म्हणजे त्या माणसाचे तारुण्य वजा करणे होय, आणि जे घाव पुढे सोळासतरा पुस्तके ठणकत राहतात ते कोठे बसले हे ठाऊक असल्याखेरीज ठणक्याला अर्थ उरत नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे मला पटते; पण वाचकाचा धीर ही मर्यादित पुंजी असल्याने तोडगा म्हणून मी पाचव्या, ‘द ब्लॅक बुक’ या १९९३ च्या कादंबरीपासून आरंभ करण्याची शिफारस करीन. येथे रँकिन यांनी रीबसचे काल्पनिक पोलीस ठाणे मागे टाकले आणि त्याला सेंट लेनर्ड्स या खरोखरच्या ठाण्यात आणले. शिव्हॉन क्लार्क प्रथम येते तीही येथेच. या पुस्तकापासून पुढे शहर खरे झाले.

या खऱ्या शहराविषयी वाचक एवढे भरभरून बोलतात की, ‘या कादंबऱ्यांचा नायक रीबस नसून एडिंबरा आहे’ हे वाक्य आता जवळजवळ झिजून गेले आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. एका बाजूस किल्ल्यापासून होलीरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारी जुनी वसाहत, तिच्या दोहों अंगांनी फुटलेले अंधारे अरुंद बोळ आणि मजल्यांवर मजले चढविलेली घरे. दुसऱ्या बाजूस १७६७ पासून आखणी करून वसविलेली नवी वसाहत, तिचे काटकोनातले रस्ते आणि वकील, सावकार, विमा कंपन्यांचे संचालक यांची पाषाणी घरे. आणि या दोन्हींना पाहावयास येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीआड, शहराच्या कडेला फेकून दिलेल्या गरिबांच्या चाळींच्या रांगा. डीकन ब्रोडीची दोन तोंडे येथे शहराच्या नकाशावरच उमटली आहेत, आणि या तिन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने आत शिरण्याचा परवाना ज्याच्या खिशात असतो असा माणूस पोलिसावाचून दुसरा कोण असणार? पत्रकार असेल, पण पत्रकाराच्या तोंडावर दार लावून घेता येते. रँकिन यांना पोलीस नायक का हवा होता, याचे हे उत्तर त्यांच्या तोंडून अनेकदा आले आहे, आणि ते लेखनाच्या कारागिरीतले मर्मच आहे.

शहराचा इतिहास वापरताना मात्र हा लेखक जे करतो ते शहराचे वर्णन करण्याहून फार निराळे आहे. १८३६ साली आर्थर्स सीट या शहरालगतच्या टेकडीवर ससे धरावयास गेलेल्या पोरांना कपारीत दडविलेल्या सतरा चिमुकल्या शवपेट्या सापडल्या. प्रत्येकीत कापड गुंडाळलेली एकेक लाकडी बाहुली होती. त्यांपैकी आठ पेट्या आज एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि त्या कोणी, कशासाठी ठेवल्या याचा निर्णय अद्याप लागलेला नाही. एक तर्क असा की, त्या आधी आठेक वर्षांपूर्वी बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या अध्यापकाला विकली होती, आणि त्यापूर्वी आपल्या मरणाने मेलेल्या एकाचे प्रेत विकले होते. या सतरा जणांना शवविच्छेदनामुळे जे दफन मिळाले नाही ते कोणीतरी अशा प्रतीकरूपाने दिले असावे. ‘द फॉल्स’ या २००१ च्या कादंबरीत रँकिन यांनी या पेट्या उचलल्या आणि एका बेपत्ता विद्यार्थिनीच्या तपासात नेऊन ठेवल्या. ‘सेट इन डार्कनेस’मध्ये तर त्यांनी याहून धाडस केले आहे. स्कॉटलंडचे पार्लमेंट जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा भरू लागले त्याच सुमारास, नव्या पार्लमेंटच्या आवारात सामील झालेल्या क्वीन्सबेरी हाऊस या जुन्या वाड्याच्या एका बुजविलेल्या चुलाण्यात त्यांनी एक प्रेत सापडवले आहे. आणि दंतकथा अशी की, १७०७ साली इंग्लंडशी झालेल्या एकीकरणाच्या करारावर शिक्कामोर्तब होत असताना त्याच वाड्यात वाड्याच्या मालक ड्यूकच्या वेड्या मुलाने स्वयंपाकघरातल्या पोराला चुलीवर भाजून खाल्ले होते. नव्या राज्याच्या पायाभरणीच्या क्षणी जुन्या राज्याच्या विक्रीचे भूत असे उभे करावयाचे, आणि तेही एका शब्दाचे व्याख्यान न देता केवळ पंचनाम्याच्या भाषेत, हे काम ऐऱ्यागैऱ्याचे नव्हे.

पण येथेच ‘शहर हाच नायक’ म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. शहर त्यापूर्वीही होते, त्यावर पुस्तकेही होती. ग्लासगोच्या रस्त्यांवर तर विल्यम मॅकिल्व्हनी यांनी १९७७ सालीच ‘लेडलॉ’मध्ये एक तत्त्वचिंतक पोलीस उभा केला होता, आणि तरुण रँकिन एका साहित्यमहोत्सवात त्यांची सही घ्यावयास गेले तेव्हा ‘एडिंबराच्या लेडलॉ’ला त्यांनी शुभेच्छा लिहून दिल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. रीबसच्या पुस्तकांत जे नवे आहे ते असे की, तेथे शहर आणि माणूस एकाच पंचांगावर चालतात. पार्लमेंट उघडले की ते कादंबरीत येते, २००५ च्या जुलै महिन्यात ग्लेनईगल्स येथे आठ राष्ट्रांचे प्रमुख जमले, रस्त्यांवर निदर्शकांची गर्दी उसळली आणि त्याच आठवड्यात लंडनला बाँबस्फोट झाले, तर तो सारा आठवडा दिवसावारीने ‘द नेमिंग ऑफ द डेड’मध्ये उतरतो, आश्रयार्थी निर्वासितांना जेथे डांबले जाते अशा बंदीगृहांवर वाद पेटला की तो ‘फ्लेशमार्केट क्लोज’मध्ये शिरतो. पुढे कोणी या काळातील स्कॉटलंडचा सामाजिक इतिहास लिहावयास बसला, तर सरकारी अहवालांच्या जोडीला ही पुस्तके त्याला दप्तरात ठेवावी लागतील.

रहस्याची गुंफण मात्र रँकिन यांची सर्वांत भक्कम बाजू नव्हे, आणि ही तक्रार करणारा वाचकवर्ग मोठा आहे. ज्याने कॉनन डॉयल वाचला आहे, किंवा ज्याचे बालपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या सहवासात गेले आहे, त्याला शेवटच्या प्रकरणात सारी मंडळी एका खोलीत जमावीत आणि बोटाने गुन्हेगार दाखविला जावा, ही अपेक्षा असते. (डॉयल हेही एडिंबराचेच, १८५९ साली तेथे जन्मले आणि तेथेच वैद्यकी शिकत असताना डॉक्टर जोसेफ बेल यांच्या निरीक्षणशक्तीवरून त्यांना शेरलॉक होम्स सुचला.) रीबसच्या पुस्तकांत तीन-चार मामले एकाच वेळी चालू असतात, ते एकमेकांत गुरफटतात, आणि पुष्कळदा गुन्हेगार सापडला तरी पुरावा अपुरा पडतो, किंवा पुरावा असून वरून हुकूम येतो. या अपुरेपणावर काही वाचक चिडतात. इतर काही त्यालाच वास्तव म्हणून नावाजतात. स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडच्या कायद्याहून स्वतंत्र आहे, खटला चालवावयाचा की नाही हे प्रोक्युरेटर फिस्कल हा सरकारी अधिकारी ठरवितो, आणि दोषी व निर्दोषी यांच्या मध्ये ‘गुन्हा शाबीत नाही’ असा एक तिसरा निकाल तेथील पंचांना शतकानुशतके देता येत असे, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या कादंबऱ्यांचे धूसर शेवट लेखकाच्या आळसातून आलेले नाहीत, एवढे तरी मान्य करावे लागते.

पोलीस खात्याची माहिती असलेल्या वाचकांचा आक्षेप याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. खुनाच्या तपासासाठी आता मोठमोठी पथके नेमली जातात. प्रत्येक जबाब, प्रत्येक मोटारीचा क्रमांक संगणकात नोंदविला जातो (त्या संगणकप्रणालीला ब्रिटिश पोलिसांनी १९८० नंतरच्या दशकात ‘होम्स’ असे नाव देऊन ठेवले आहे, ही सरकारी विनोदबुद्धी दाद देण्याजोगी). आणि जो इन्स्पेक्टर वरिष्ठांचा हुकूम धाब्यावर बसवून, साक्षीदारांना एकटा गाठून, रात्री दारूच्या गुत्त्यात बसून मनाशी सूत्रे जुळवीत राहील, तो बढती मिळण्याआधीच बडतर्फ होईल. हे सारे खरे आहे. परंतु या आक्षेपाची जाणीव खुद्द मालिकेलाच आहे, आणि ती पुस्तकागणिक वाढत जाते. ‘रिझरेक्शन मेन’मध्ये वरिष्ठ अधिकारी बाईंच्या दिशेने चहाचा पेला भिरकावल्याबद्दल रीबसला पोलीस महाविद्यालयात पुनश्च शिस्त शिकावयास धाडले जाते, पुढे माल्कम फॉक्स नावाचा, पोलिसांच्याच गैरवर्तनाची चौकशी करणारा, दारूला न शिवणारा अधिकारी त्याच्या समोर येऊन ठाकतो. आपण ज्याला शूर समजत होतो त्याच्या शौर्यात बेकायदेशीरपणाचा वाटा किती, हा प्रश्न फॉक्सच्या तोंडून विचारला जातो तेव्हा कित्येक वाचकांना फॉक्सचा राग येतो. हा राग मला फार बोलका वाटतो, कारण फॉक्सचे म्हणणे दर वेळी बरोबरच असते.

सर्वांत उत्कृष्ट कादंबरी कोणती, यावर मात्र आश्चर्यकारक एकमत आहे, आणि तो मान ‘ब्लॅक अँड ब्लू’ या १९९७ च्या कादंबरीकडे जातो. गुन्हेगारी कथालेखकांच्या ब्रिटिश संघटनेचे सुवर्ण-खंजीर पारितोषिक तिला त्याच वर्षी मिळाले. १९६८-६९ साली ग्लासगोच्या बॅरोलँड नृत्यगृहाशी संबंधित तीन स्त्रियांचे खून झाले, मारेकऱ्याला वर्तमानपत्रांनी ‘बायबल जॉन’ हे नाव दिले, आणि तो आजतागायत सापडलेला नाही. रँकिन यांनी त्याचा एक अनुकारी कल्पिला, आणि त्याहीपुढे जाऊन खरा बायबल जॉन अजून जिवंत असून या नवशिक्याच्या शोधात निघाला आहे, अशी कल्पना केली. या सूत्राभोवती त्यांनी अ‍ॅबर्डीनचे तेलाच्या पैशाने फुगलेले बंदर, उत्तर समुद्रातील तेलाच्या विहिरींवरचे लोखंडी मचाण, शेटलंड बेटे आणि रीबसच्याच एका जुन्या प्रकरणाची खातेनिहाय चौकशी असा प्रचंड पसारा मांडला, आणि पसारा मोडला नाही. ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा रँकिन कुटुंबासह फ्रान्समधील एका खेड्यात राहत होते, आणि धाकट्या अपत्याच्या दुर्धर व्याधीचा पत्ता त्यांना त्या दिवसांत लागत होता. आपला सारा संताप आपण रीबसच्या खात्यावर जमा केला, असे त्यांनीच पुढे बोलून दाखविले आहे. वाचकाला ही गोष्ट ठाऊक नसली तरी चालते. त्या पानांतून रीबस ज्या तऱ्हेने देवाशी, दैवाशी आणि वरिष्ठांशी भांडतो, त्यात आधीच्या पुस्तकांतला विद्यार्थी कोठेच आढळत नाही.

रीबसचे मद्यपान, त्याचा मोडलेला संसार, वडील म्हणून मुलीपुढे त्याचे उणे पडणे, यांविषयी स्त्री-वाचकांचे मत पुरुष-वाचकांच्या मानाने कमी क्षमाशील असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मी ऐकलेल्या मतांवरून तसे ठामपणे म्हणवत नाही. एवढे खरे की, शिव्हॉन क्लार्कच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज दिवसेंदिवस चढत गेला आहे. इंग्रजी वळणाने बोलणारी, हिब्स या एडिंबराच्या फुटबॉल संघाची निष्ठावंत, नियम पाळून काम करणारी आणि तरीही रीबसकडून नियम मोडण्याची विद्या थोडीथोडी उचलणारी ही बाई त्याच्या सावलीतून बाहेर येते, त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यावर पोहोचते, आणि तरीही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव त्याचेच राहते, ही तक्रार न्याय्य आहे. शहराच्या गुन्हेगारी जगाचा दादा बिग जेर कॅफर्टी याच्याबद्दल याच्या उलट तक्रार ऐकू येते, की तो फार पुस्तकांतून फार वेळ राहिला. मला ती तितकीशी मान्य नाही. दोन म्हातारे, एक कायद्याच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा, परस्परांखेरीज ज्यांना ओळखणारे आता कोणी उरले नाही, त्यांची संभाषणे ही उत्तरार्धातल्या पुस्तकांतील सर्वांत जिवंत पाने आहेत.

आणि येथे वयाचा प्रश्न पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो. २००७ साली ‘एग्झिट म्युझिक’मध्ये रीबस साठ वर्षांचा झाला आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे घरी गेला. पुष्कळ जाणत्या वाचकांच्या मते मालिका तेथेच संपावयास हवी होती. तो शेवट तुटक आणि कडू असून म्हणूनच उत्तम आहे. पण पाच वर्षांनी जुन्या, न उलगडलेल्या प्रकरणांच्या विभागात बिनहुद्द्याचा कर्मचारी म्हणून तो परत आला; त्यानंतर निवृत्तीच्या नियमात बदल झाल्याचा फायदा घेऊन पुन्हा खात्यात शिरला, पण एक पायरी खाली उतरून; आणि मग पुन्हा बाहेर पडून केवळ सवयीने इतरांच्या तपासात नाक खुपसू लागला. दरम्यान २०१३ साली स्कॉटलंडची आठ पोलीस दले मोडून त्यांचे एकच दल झाले, मोबाइल फोन आणि रस्त्यांवरचे कॅमेरे आले, आणि गुत्त्यात बसून बातमी काढणाऱ्या माणसाची विद्या कालबाह्य झाली. त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला, सिगारेट सुटली, आर्डन स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरून त्याला तळमजल्यावर उतरावे लागले, कारण जिना चढवेना. एक कुत्रा सोबतीला आला. या कुत्र्याविषयी वाचक इतक्या मायेने बोलतात की, त्याला काही होऊ नये अशी तंबी लेखकाला देऊन ठेवल्यासारखी वाटते.

उत्तरार्धातल्या या पुस्तकांना ‘ओढूनताणून लांबविलेली’ म्हणणाऱ्या वाचकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण कथानकांपुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. सत्तरी ओलांडलेल्या, दम लागणाऱ्या, हातात अधिकारपत्र नसलेल्या माणसाला खुनाच्या जागी आणून उभे करण्यासाठी लेखकाला दर वेळी नवी सबब शोधावी लागते आणि ती सबब कधीकधी फारच पातळ होते. पण याच पुस्तकांत एका गोष्टीचे जे चित्रण आले आहे ते मला अन्य पोलीसकथांत क्वचितच भेटले: ज्याची सारी किंमत त्याच्या कामात होती, त्या माणसाचे काम काढून घेतल्यावर काय उरते, याचे. साठीनंतर कचेरीच्या आवारात उगाच चक्कर टाकून येणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र ओळखता येईल.

चित्रवाणीवरील रूपांतरांबद्दल वाचक फारसे सलोख्याने बोलत नाहीत. जॉन हॅना या नटाला पुष्कळांनी फार तरुण आणि फार देखणा ठरविले. केन स्टॉट यांच्या थकल्या, खरखरीत रीबसला बहुसंख्यांनी पसंती दिली. २०२४ मध्ये रिचर्ड रँकिन यांनी, जे लेखकाचे नातलग नव्हेत, तरुण रीबसला आजच्या काळात आणून उभे केले, तेव्हा वयाचा हिशेब मोडला म्हणून जुन्या वाचकांनी नाके मुरडली. पुस्तकातला रीबस आपल्या मनात ज्या आवाजात बोलतो तो आवाज बदलू नये म्हणून रँकिन स्वतः आधीची रूपांतरे पाहण्याचे टाळीत आले, असे त्यांनी सांगितले आहे.

२०२२ च्या ‘अ हार्ट फुल ऑफ हेडस्टोन्स’मध्ये रीबस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, आणि त्यापुढच्या ‘मिडनाइट अँड ब्लू’मध्ये तो एडिंबराच्या तुरुंगात कैदी आहे, भोवती त्यानेच आत धाडलेली माणसे, अंगात सत्तरीची थकावट, आणि एके रात्री कुलूपबंद कोठडीत एका कैद्याचा खून. बंद खोलीतल्या खुनाची ही जुनी, घासूनपुसून गुळगुळीत झालेली युक्ती रँकिन यांनी जवळजवळ चाळीस वर्षे बाजूस ठेवली होती. गुंफण सैल असल्याची तक्रार करणाऱ्यांना अखेर हवे तसे कोडे मिळाले, आणि त्यांतले कित्येक त्यावर संतुष्टही आहेत. पण त्याच पुस्तकाविषयी बोलताना मार्चमाँट वस्तीचे चढ, यंग स्ट्रीटवरचा ऑक्सफर्ड बार आणि पावसात भिजलेले ते बोळ यावेळी फारसे भेटले नाहीत, अशी हुरहूरही तेच वाचक व्यक्त करतात.